"माझ्यामुळं पितात का?" : नवऱ्याची दारू आणि घरातली भांडणं

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. तुमचे मिस्टर 42 वर्षांचे आहेत. उद्यमनगरात त्यांचं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. पूर्वी शनिवारी मित्रांबरोबर बसायचे. सासरे गेले, त्याच सुमाराला एका मोठ्या गिऱ्हाइकाकडं पैसे अडकले, आणि तेव्हापासून रोज रात्री एक क्वार्टर लागते, कधी दीड. सासरेही पीत होते. सासूबाई म्हणतात, "घरात सुख नाही म्हणून पितो." मिस्टर म्हणतात, "तू गप्प बसलीस तर मी पिणार नाही." नववीतला मुलगा क्लास सुटल्यावर घरी यायचं टाळतो. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. माझ्यामुळं पितात का? कुणी सांगितलेली पावडर चहातून द्यावी का? आणि मुलाला घेऊन माहेरी जावं का?

पहिल्याचं उत्तर लगेच देते: नाही, तुमच्यामुळं पीत नाहीत. पण एवढंच सांगून थांबले तर तुमचं समाधान होणार नाही. भांडण झालं की ते जास्त पितात, हे तुम्ही स्वतः बघताय. भांडणाचा आणि दारूचा संबंध आहेच. प्रश्न आहे तो कसला संबंध आहे, आणि त्यातलं काय तुमच्या हातात आहे, हा.

मी कोल्हापुरात व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात समुपदेशक म्हणून बरीच वर्षं काम करते, मानसोपचारतज्ज्ञांच्या बरोबरीनं. तुमच्या मिस्टरांना मी पाहिलेलं नाही. त्यामुळं काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या माहीत झाल्या तर माझा सल्ला बदलेल. सकाळी उठल्यावर हात थरथरतात का, उतारा म्हणून सकाळीच घ्यावी लागते का? कधी फिट आली होती का? हात उचलतात का? "जगून काय करायचं" असं काही बोलतात का? यातल्या एकाचंही उत्तर "हो" असेल तर पुढचं सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टर आणि सुरक्षितता. त्याबद्दल खाली लिहितेच.

प्रमाणाबद्दलही एक सांगून ठेवते, कारण "एकच तर क्वार्टर" असं घरोघरी ऐकायला मिळतं. 180 मिलीच्या, 42.8 टक्के तीव्रतेच्या क्वार्टरमध्ये साधारण 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. एका बैठकीत 60 ग्रॅम किंवा त्याहून जास्त पिणं जागतिक आरोग्य संघटना अतिमद्यपानात मोजते. तुमच्या घरात ही मर्यादा रोज रात्री गाठली जातेय.

आता मूळ मुद्द्याकडं येते. "का पितो?" या एका प्रश्नात तीन प्रश्न असतात आणि घरात आपण ते एकत्र करून टाकतो. पहिल्यांदा का प्यायला, रोज का प्यायला लागला आणि आता का थांबत नाही? तिन्हींची उत्तरं वेगळी असतात. सासूबाई तिन्हींचं एकच उत्तर देतात, "बायको". मिस्टरही तेच देतात. ते सोपं आहे, कारण मग त्यांना स्वतःकडं बघावं लागत नाही.

पहिल्यांदा का प्यायले, त्यात आपल्याकडं फारसं गूढ नसतं. मळ्यावर रस्सा शिजतोय, तालमीतले, शाळेतले मित्र जमलेत, तिथं ग्लास नाकारणाऱ्याला लगेच "काय, वहिनीला भितोस व्हय?" असं ऐकावं लागतं. त्या एका वाक्यात बायकोला विनाकारण ओढलेलं असतं, आणि न पिणं म्हणजे बायल्या असणं हेही शिकवलेलं असतं. मी अशा बैठकींच्या विरोधात नाही. तिथली माणसं संकटात एकमेकांसाठी धावून जातात, महापुरात आपण ते पाहिलं आहे. पण प्रेम, हसणं, मनातलं बोलणं हे सगळं ज्याला ग्लासासोबतच मिळालं, त्याला ग्लासाशिवाय ते कसं करायचं हे येतच नाही.

पिण्यामागच्या हेतूंचे संशोधकांनी चार प्रकार केले आहेत आणि ते मला रोजच्या कामात उपयोगी पडतात. मजा वाढावी म्हणून, संगतीत रंग यावा म्हणून, चारचौघांत वेगळं पडू नये म्हणून, आणि मनातलं दुखणं दबावं म्हणून. यातला चौथा हेतू सगळ्यात घातक. मित्रांसोबत पिणाऱ्याला मित्र उठले की उठावं लागतं, दुःख दाबायला पिणाऱ्याला उठवणारं कुणी नसतं. तुम्ही लिहिलंय की आता ते मित्रांकडं जात नाहीत, वर्कशॉपचं शटर अर्धं ओढून एकटेच घेतात आणि मग घरी येतात. मला तुमच्या अख्ख्या पत्रातली ही सगळ्यात महत्त्वाची ओळ वाटली. त्यांचा हेतू बदललाय.

काय दाबत असतील? वडील जाणं आणि पैसे अडकणं या दोन्ही गोष्टी एकाच वेळी आल्या. पिणाऱ्या बापाच्या मुलाचं दुःख सरळ नसतं. लहानपणी त्यानं बापाची दारू पाहिलेली असते, आईचे हाल पाहिलेले असतात, "मी असा होणार नाही" असं मनाशी ठरवलेलं असतं. बाप गेल्यावर राग काढायला माणूस उरत नाही, आणि प्रेमही कधी बोलून झालेलं नसतं. त्यात तीच बाटली आपल्याही हातात आलीय याची लाज. ही लाज विसरायलाही पुन्हा तीच बाटली लागते. मी अशा पुरुषांना वडिलांबद्दल विचारते तेव्हा बरेच जण आधी विषय टाळतात. नंतर कधीतरी बोलायला लागले की थांबत नाहीत.

वडिलांकडून शरीराचाही वारसा येतो. दारूच्या आहारी जाण्यात अनुवंशाचा वाटा साधारण निम्मा असतो, असं जुळ्या भावंडांच्या आणि दत्तक मुलांच्या अभ्यासांतून दिसलेलं आहे. याचा अर्थ तुमच्या मुलाच्या कपाळी दारू लिहिलीय असा नाही. त्यानं इतरांपेक्षा जास्त जपायला हवं, एवढाच अर्थ.

पैशाचं दुखणं वेगळं. आपल्याकडं छोट्या वर्कशॉपवाल्याची इज्जत शब्दावर चालते. कामगारांचा पगार, बँकेचा हप्ता, मटेरियलवाल्याचं देणं, यातलं एक चुकलं की तो फोन उचलायचं बंद करतो. बायकोला सांगत नाही, कारण "बायकोला सांगून काय होणार" आणि खरं म्हणजे तिच्या डोळ्यांत आपण लहान होऊ ही भीती. रात्री झोप येत नाही. दोन पेग घेतले की येते. पण दारूची झोप पहिल्या काही तासांपुरती असते. अंमल उतरायला लागला की पहाटे तीनला डोळे उघडतात, छातीत धडधडतं, तोच हिशोब दुप्पट मोठा होऊन समोर येतो. माणसाला वाटतं, आपल्याला टेन्शन आहे म्हणून आपण पितो. त्यातलं बरंचसं टेन्शन आदल्या रात्रीच्या दारूनंच तयार केलेलं असतं. उदासीचंही तसंच. त्यामुळं उदासी आधीची आहे की दारूनं आणलेली, हे दारू बंद होऊन दोन ते चार आठवडे गेल्याशिवाय नीट कळत नाही. कळल्यावर मात्र तिच्यावर स्वतंत्र उपचार लागतात. नुसती दारू सोडवून मागची उदासी तशीच ठेवली तर माणूस पुन्हा तिथंच जातो.

आता तुमच्या घरातल्या संध्याकाळीकडं या. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला दिसतं ते असं. सात वाजल्यापासून तुमचं लक्ष घड्याळाकडं. फोन लागत नाही. ते घरी यायच्या आधीच तुमच्या मनात अर्धं भांडण होऊन गेलेलं असतं. ते दारात येतात, वास येतो, तुमचं पहिलं वाक्य निघतं. त्यांनी येताना वाटेत उत्तर तयार ठेवलेलंच असतं. ताट तसंच राहतं, सासूबाई मधे बोलतात, ते पुन्हा बाहेर जातात. तुम्हाला पुरावा मिळतो की हा माणूस सुधारणार नाही. त्यांना कारण मिळतं की या घरात शांतता नाही. सकाळी ते खजील असतात, तुम्ही चिडलेल्या असता, म्हणून कुणीच कुणाशी बोलत नाही. म्हणजे तुमच्या घरात दारूबद्दल फक्त तेव्हाच बोललं जातं, जेव्हा ते ऐकण्याच्या अवस्थेत नसतात. जेव्हा ते ऐकू शकतील तेव्हा घर मुकं असतं. मी पाहिलेल्या बहुतेक घरांत हेच चाललेलं असतं.

भांडणानं आजची दारू वाढू शकते, एखाद्या दिवशी सोडलेली दारू पुन्हा सुरूही होऊ शकते. अ‍ॅलन मार्लट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं सोडलेली दारू पुन्हा कधी सुरू होते याचा अभ्यास केला, तेव्हा तीन प्रसंग सर्वांत जास्त आढळले: मनाची वाईट अवस्था, जवळच्या माणसाशी भांडण आणि आग्रह. भांडण त्यात आहे, पण ती ठिणगी पडण्याची वेळ आहे. दारूचं व्यसन वर्षानुवर्षं टिकवून धरणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत, त्या वर सांगितल्या.

मिस्टरांच्या "तू गप्प बसलीस तर" या वाक्याची परीक्षा तुम्ही स्वतः करू शकता. मागे तुम्ही लग्नकार्याला किंवा दिवाळीला चार-आठ दिवस माहेरी गेला असाल. घरात भांडायला कुणी नव्हतं. त्या दिवसांत त्यांची दारू कमी झाली का? हा प्रश्न मी अनेक बायकांना विचारते आणि बहुतेक जणी म्हणतात, उलट जास्तच प्यायले. तुमचंही उत्तर तेच असेल तर पहिला प्रश्न तुमच्यापुरता मिटला.

सासूबाईंबद्दल तुमचा राग मला समजतो. तरी एक बाजू बघा. त्या माउलीनं आयुष्यभर पिणाऱ्या नवऱ्याबरोबर गप्प राहून दिवस काढले. आता पोरगा त्याच वाटेनं जातोय हे कबूल करण्यापेक्षा सुनेला दोष देणं त्यांना सोसतं. एखाद्या दुपारी, घरात दुसरं कुणी नसताना, त्यांना विचारा की मामंजींच्या वेळी तुम्ही कसं निभावलंत. वाद घालू नका, फक्त ऐका. मी अशा सासवा नंतर सुनेच्या बरोबर दवाखान्यात आलेल्या पाहिल्यात. आणि एक व्यावहारिक गोष्ट: आई गुपचूप पैसे देते का, हे त्याच बोलण्यात कळतं.

आणखी एका गोष्टीबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून मीच लिहिते. रोजच्या दारूनं पुरुषांच्या शरीरसंबंधात अडचणी येतात. नवरा त्याबद्दल बोलत नाही, तोंड फिरवून झोपतो, किंवा उलट बायकोवर संशय घ्यायला लागतो. बायकोला वाटतं, आता मी नकोशी झाले. दोघंही चुकीचा अर्थ लावत असतात. तुमच्याकडं असं काही असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा. दारू सुटल्यावर यात बऱ्याचदा सुधारणा होते आणि काही पुरुषांना उपचाराकडं आणणारं हेच कारण ठरतं.

इथवरचं सांगायचं तर: दारू घरात शिरली ती संगतीतून आणि वारशातून, रोजची झाली ती दुःखातून आणि लाजेतून, आणि आता शरीराच्या सवयीनं टिकलीय. भांडण तिला रोज थोडं खाद्य देतं. तुम्ही तिचं कारण नाही, पण हे खाद्य बंद करणं काही अंशी तुमच्या हातात आहे. हे काम तुम्हीच का करायचं, असं तुम्हाला वाटेल, आणि ते वाटणं रास्त आहे. याचं एकच कारण मी देऊ शकते: सध्या त्या घरात मदत शोधणारी व्यक्ती तुम्ही आहात.

करायचं काय? सगळ्यात आधी बोलण्याची वेळ बदला. प्यालेल्या माणसाशी दारूवर बोलायचं नाही, कितीही तोंडावर आलं तरी. जेवण वाढा किंवा झाकून ठेवा आणि दुसऱ्या खोलीत जा. याला घाबरून गप्प बसणं म्हणू नका. तुम्ही विषय सोडत नाही, सकाळवर ठेवताय. मग सकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी, ते पूर्ण शुद्धीत असताना, थोडक्यात बोला. "तुम्ही नेहमी असंच करता, वडिलांवर गेलात" अशी वाक्यं नकोत. "काल रात्री तुम्ही तसे आलात तेव्हा पोरगं उपाशी झोपलं, मला फार भीती वाटली" एवढं बोला. जे घडलं ते आणि तुम्हाला काय वाटलं ते. त्यावर त्यांना वाद घालता येत नाही. वडिलांवरचा टोमणा तर कायमचा बंद करा, तो सरळ त्यांच्या लाजेवर जाऊन बसतो.

दुसरी गोष्ट, ज्या संध्याकाळी ते न पिता येतात ती संध्याकाळ वाया घालवू नका. बऱ्याच घरांत त्या दिवशीच मागचे हिशोब निघतात, "आज कसे काय आठवण झाली घराची?" असं स्वागत होतं. म्हणजे पिऊन आले तरी बोलणी, न पिता आले तरी बोलणी. तुमच्या मनात साचलेलं आहे, हे मला कळतं. पण त्या दिवशी त्यांच्या आवडीचं जेवण असू दे, पोराबरोबर बसू दे, आणि तोंडानं सांगा, "तुम्ही आज असे घरी आलात, बरं वाटलं."

तिसरी गोष्ट झाकाझाक. गिऱ्हाइकाचा फोन आला की "त्यांना ताप आहे" असं तुम्ही सांगता, असं लिहिलंय. ते बंद करा. उद्धटपणे नाही, फक्त फोन त्यांच्या हातात द्या. न उठता आलेल्या सकाळची किंमत त्यांना स्वतःला कळली पाहिजे. काही लोक अशा बायकांनाच दोष देतात की तुमच्या पांघरूण घालण्यानं दारू वाढली. मला ते अजिबात मान्य नाही. घर चालावं, अब्रू राहावी म्हणून कुणीही हेच करेल. पण त्याचा उपयोग होत नाही, म्हणून थांबवायचं.

ही पद्धत मी मनानं सांगत नाही. रॉबर्ट मायर्स यांनी अमेरिकेत घरच्यांना असं प्रशिक्षण द्यायची पद्धत विकसित केली, तिला क्राफ्ट म्हणतात. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत, या पद्धतीनं शिकलेल्या घरांतले उपचाराला नकार देणारे साधारण 64 टक्के लोक उपचारापर्यंत आले. सगळ्यांनी मिळून समोर बसवून जाब विचारण्याच्या पद्धतीत ते प्रमाण 30 टक्के होतं. आपल्या एकत्र कुटुंबांत हे जसंच्या तसं लागू पडत नाही, सासू-दीर यांनाही धरून चालावं लागतं. पण भावकी जमवून, सगळ्यांच्या समोर खाली मान घालायला लावून माणूस सुधारतो, हा समज मात्र सोडून द्यावा. अशा बैठकीहून माणूस उठतो तो बहुतेक वेळा सरळ बारकडं जातो.

शपथेबद्दलही सांगते. अंबाबाईची शपथ, ज्योतिबाला नारळ, गळ्यात माळ, या गोष्टींना मी कमी लेखत नाही. माळ घालून कायमची सोडलेली माणसं मला माहीत आहेत, आणि त्यांना वारीतली नवी संगतही मिळाली, हा त्यातला मोठा भाग. पण बायकोनं पोराच्या डोक्यावर हात ठेवायला लावून घेतलेली शपथ वेगळी. ती मोडली की माणूस म्हणतो, आता पाप झालंच आहे, मग एक काय आणि चार काय. एका चुकीच्या पेगवर थांबू शकला असता, तो आठवडाभर पितो आणि लपवतो. म्हणून शपथ घालू नका. पुन्हा प्यायले तर लवकर सांगता येईल, असं घरातलं वातावरण ठेवायचा प्रयत्न करा.

माझ्यासमोर असा माणूस येतो तेव्हा मीही "सोडा" म्हणून सुरुवात करत नाही. दारूनं तुम्हाला काय दिलं, हे आधी विचारते. हुपरीकडचे एक चांदी कारागीर होते. ते म्हणाले, "प्यालो की भावाशी बोलता येतंय, एरवी त्याच्यासमोर जीभ उचलत न्हाई." भावाशी वाटणीवरून अबोला होता. पुढचे कितीतरी दिवस आम्ही दारूवर कमी आणि भावाशी शुद्धीत कसं बोलायचं यावर जास्त बोललो. औषधं चालू होतीच. तुमच्या मिस्टरांना दारू कशासाठी लागते हे कळलं, तरच तिच्या जागी काय ठेवायचं ते ठरवता येईल.

आता पावडर. देऊ नका. कुणीही, कितीही खात्रीनं सांगितलं तरी. अशा पुड्यांमध्ये काय आहे हे लिहिलेलं नसतं. त्यात डायसल्फिराम हे औषध असू शकतं. ते पोटात असताना दारू प्यायली तर शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य साचतं, चेहरा लाल होतो, उलट्या, धडधड, रक्तदाब एकदम खाली. हृदयाचा त्रास असलेल्याच्या जिवावर बेतू शकतं. औषध बंद केल्यावरही त्याचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. हेच औषध तपासण्या करून, माणसाला सगळं सांगून, त्याच्या संमतीनं डॉक्टर देतात तेव्हा उपयोगी पडतं. नाल्ट्रेक्सोन, अ‍ॅकॅम्प्रोसेट अशी दारूची ओढ कमी करणारी औषधंही आहेत. चोरून दिल्याचं त्यांना कळलं तर तुमच्या हातचा चहा ते पुन्हा विश्वासानं पिणार नाहीत. आधीच इतकं तुटलेल्या नात्यात हे नको.

"उद्यापासून एकदम बंद" हेही घरी करू नका, विशेषतः हात थरथरत असतील तर. रोज पिणाऱ्यानं अचानक थांबवलं की सहा-आठ तासांत घाम, थरथर, बेचैनी सुरू होते. फिट येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत जास्त असतो. दोन ते चार दिवसांत काहींना भास होतात, ते बरळायला लागतात. ही तातडीची अवस्था आहे, रुग्णालयातच न्यायचं. दवाखान्यात ग्लुकोजचं सलाईन लावायचं ठरलं तर "रोज दारू पितात" हे डॉक्टरांना आधी सांगा, कारण अशा रुग्णाला त्याआधी बी-1 जीवनसत्त्व द्यावं लागतं. अब्रू जाईल म्हणून ही माहिती लपवू नका.

कुठं जायचं? कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, तिथं सुरुवात होऊ शकते. शहरात खासगी मानसोपचारतज्ज्ञही आहेत. मिस्टर "मी काय वेडा आहे का" म्हणतील. मग झोप, अ‍ॅसिडिटी, बीपी यांसाठी म्हणून फॅमिली डॉक्टरकडं तरी चला म्हणा. ते खोटं नाही, झोपेचा त्रास आहेच. तिथं डॉक्टरांना मोकळेपणानं सगळं सांगा. दाखल व्हायची गरज पडली तर पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून हे काम करतंय. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या सभा फुकट असतात, आणि घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन हा तसाच गट आहे. फोनवर बोलायचं असेल तर मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेलिमानस 14416 आणि व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14446. रात्री गाडी घेऊन येऊन माणसाला जबरदस्तीनं उचलून नेणाऱ्या केंद्रांच्या वाट्याला जाऊ नका. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं रुग्णाला हक्क दिलेले आहेत, इच्छेविरुद्ध दाखल करायला नियम आहेत. केंद्राची नोंदणी आहे का, डॉक्टर रोज असतात का, घरच्यांना भेटू देतात का, हे विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

दरवेळी मोठे उपचारच लागतात असंही नाही. शेजारच्या गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक अभ्यास झाला, 2017 मध्ये तो लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी जास्तीत जास्त चार वेळा संवाद साधला. तीन महिन्यांनी त्यातले 36 टक्के धोक्याच्या पातळीखाली आले होते, नेहमीच्या उपचारांत 26 टक्के. फार मोठा फरक नाही म्हणाल, पण चार भेटींत एवढं होतं हे मला धीर देणारं वाटतं. खरी अडचण लोक येतच नाहीत ही आहे. 2019 च्या राष्ट्रीय पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या दर 38 माणसांत एकालाच काही मदत मिळालेली दिसली.

माहेरी जाण्याचा निर्णय मी तुमच्यासाठी घेऊ शकत नाही. ते हात उचलत असतील, किंवा तुम्हाला तशी भीती असेल, तर वर सांगितलेलं सगळं थांबवा आणि आधी सुरक्षित जागी जा. तातडीच्या मदतीसाठी 112 आणि महिलांसाठीची हेल्पलाइन 181 लक्षात ठेवा. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं तुम्हाला त्या घरात राहण्याचा हक्क आहे, घर सोडलं म्हणून तो जात नाही. दारूच्या नशेत मारलं म्हणून मार कमी होत नाही. मारहाण नसेल तर मात्र "मी जाते" हे वाक्य भांडणात वापरू नका. जायचं ठरवलं तर शांत डोक्यानं ठरवा, कधी परत याल आणि कशावर, तेही सांगा. पोकळ धमकी दोन-तीनदा दिली की तुमच्या शब्दाला किंमत राहत नाही. आणि ते कधी मरणाबद्दल बोलले, कर्जाचा उल्लेख करून निरवानिरवीची भाषा केली, तर "नशेत बोलतात" म्हणून सोडून देऊ नका. कर्ज, शोक आणि दारू एकत्र आले की तो धोका खरा असतो. त्यांना एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

मुलाशी तुम्ही स्वतः बोला. त्याला सगळं दिसतंय, फक्त त्यावर कुणी बोलत नाही. बाबांना दारूचा आजार आहे, तो तुझ्यामुळं झालेला नाही, आणि तो बरा करणं तुझं काम नाही, एवढं स्पष्ट सांगा. बाबांना बघून ये म्हणून त्याला वर्कशॉपवर पाठवू नका, खिसे तपासायला लावू नका. त्याचा क्लास, मैदान, मित्र चालू राहू देत. जो नातेवाईक त्याला आवडतो, त्याला विश्वासात घ्या.

येत्या पंधरा दिवसांत एवढं करा. एका वहीत रोज दोन ओळी लिहा: किती वाजता, साधारण किती प्यायले, त्याआधी काय झालं होतं, आणि सकाळी हात थरथरले का. भांडण न होताही प्यायलेले दिवस त्यात दिसतील, गिऱ्हाइकाचा फोन आलेले दिवस दिसतील, सासऱ्यांची तिथी दिसेल. ही वही मिस्टरांना पुरावा म्हणून दाखवायची नाही, ती डॉक्टरांसाठी आहे. ती घेऊन तुम्ही एकट्याच मानसोपचारतज्ज्ञांकडं किंवा समुपदेशकाकडं जा. मिस्टर तयार व्हायची वाट बघू नका. आमच्याकडं येणाऱ्या कितीतरी घरांची पहिली भेट बायकोचीच असते, आणि पिणारा माणूस नंतर येतो.